क्लेटनच्या पिस्तुलाचा चाप

हॅलर्स मिल गावात डेलमर हॉकेटच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात नवं गिऱ्हाईक शिरलं, की कॉफीच्या किटलीभोवती बसलेले रिकामटेकडे एकमेकांना कोपर मारायचे. आता गंमत बघा, असा त्याचा अर्थ. गिऱ्हाईक काउंटरवर पिस्तूल ठेवायचं आणि म्हणायचं, "चाप जरा जड लागतोय. हलका करून द्याल?"

डेलमर चष्मा कपाळावर सारायचा. "हे कागदावर भोकं पाडायला, की कमरेला लावायला?"

"कमरेला."

"मग नाही."

"अहो, पण इंटरनेटवर तर सगळे म्हणतात..."

"मग त्या इंटरनेटकडूनच करून घे. पुढचं कोण?"

मागे कुणी नसायचंच. तरीही तो "पुढचं कोण" म्हणायचा आणि किटलीभोवती हशा पिकायचा. पण गिऱ्हाईक भलं दिसलं, चिडलं नाही, तर डेलमर त्याला स्टुलावर बसवून समजावून सांगायचा. स्पर्धेत हलका चाप म्हणजे लोणी, त्यात वाद नाही. तिथे समोर कागद असतो आणि शेजारी घड्याळ. पण कमरेचं पिस्तूल माणूस जन्मात हजारो वेळा काढतो आणि हजारो वेळा परत ठेवतो, आणि त्यातल्या एकाही वेळी ते उडायला नको असतं. कापड मध्ये येतं, बोट चुकून आत जातं, माणूस घाबरलेला असतो. घाबरलेल्या बोटाला हलकं-जड कळत नाही. कारखान्यानं साडेपाच पौंडांचा जोर लागणारा चाप दिलाय तो काय तुला त्रास द्यायला? "आणि नेम चुकतो तो चापानं नाही, सरावानं चुकतो," हे शेवटी. ते ऐकून निम्मे लोक ओशाळून जायचे.

दुसरा त्याचा हेका म्हणजे कोटाची कवायत. कमरेला लावायचं पिस्तूल दुरुस्त होऊन परत न्यायचं तर आपला थंडीतला कोट घेऊन यायचं, मग जुलै का असेना. रिकामं पिस्तूल, अंगात कोट, आणि डेलमरसमोर पंचवीस वेळा काढायचं, पंचवीस वेळा ठेवायचं. ठेवताना आधी कोट हातानं बाजूला, मग कमरेच्या होल्स्टरकडे, म्हणजे पिस्तुलाच्या खोळीकडे, डोळ्यांनी बघायचं, मग पिस्तूल आत. घाई केली की पुन्हा एकपासून. एकदा बँकेतल्या जाडजूड कॅशियरबाईंनी भर उन्हाळ्यात ही कवायत केली. बिचाऱ्या घामानं निथळत होत्या आणि तोंडानं डेलमरच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. त्यानं एकोणिसाव्या वेळी त्यांना परत एकवर आणलं. गावाला हे माहीत होतं, म्हणून गावाचा त्याच्यावर भरवसा होता. आमच्या त्या मिसूरीच्या डोंगरांत पिस्तूल बाळगणं ही काही बातमी नव्हे. पास्टरच्या कमरेला असतं, शाळेची बस चालवणाऱ्या आजीच्या पर्समध्ये असतं. तिथे असा एक खडूस म्हातारा असणं गावाच्या हिताचंच होतं.

बायको ओपल गेल्यानंतर डेलमरला मुलगा क्लेटन आणि त्याची बायको-लेक एवढीच माणसं उरली होती. क्लेटन वीजमंडळाच्या तारा ओढायचा आणि शनिवारी पिस्तुलाच्या स्पर्धांना जायचा. हात असा तयार, की शेजारच्या तीन जिल्ह्यांत त्याचं नाव होतं. बापलेकांत भांडण नव्हतं, पण बोलणंही फारसं नव्हतं. क्लेटन स्पर्धेची पिस्तुलं स्प्रिंगफिल्डच्या एका तरुण कारागिराकडे न्यायचा. "पॉप, तुझं काम पक्कं आहे, पण जुन्या वळणाचं आहे रे," एकदा तो सहज म्हणाला होता. सहज म्हणाला खरा, पण डेलमरला ते लागलं. चाळीस वर्षं सगळ्या जिल्ह्याच्या बंदुका ज्याच्या हाताखालून गेल्या, त्याच्या पोटच्या पोरानं दुसऱ्याचं दार धरावं, हे त्याच्या गळी उतरत नव्हतं.

छत्तिसाव्या वाढदिवसाच्या आठवड्यात, ऑगस्टमध्ये, क्लेटननं आपलं रोजचं पिस्तूल दुकानात टाकलं. नळीवरची नेम धरायची माशी जराशी कलली होती, ती सरळ करून हवी होती, एवढंच. ते काम पाव तासाचं. ते झालं आणि पिस्तूल टेबलावर पडून राहिलं. डेलमर त्याच्याकडे बघत बसला. स्प्रिंगफिल्डचा तो पोरगा त्याच्या डोक्यातून जाईना. मग त्यानं दाराला कडी घातली आणि दोन दिवस त्या चापावर काम केलं. साडेपाचाचा चाप अडीच पौंडांवर आणला. आयुष्यात इतकं सुरेख काम त्याच्या हातून झालं नव्हतं, आणि हे त्याला करतानाच कळत होतं.

वाढदिवसाच्या दिवशी क्लेटननं रिकामं पिस्तूल भिंतीकडे धरून चाप ओढला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "पॉप! हे तू केलंस?"

"मग काय तुझ्या स्प्रिंगफिल्डवाल्यानं?"

क्लेटननं आणखी दोनदा ओढून पाहिलं. मग पिस्तूल खाली ठेवलं आणि मान खाजवत म्हणाला, "झकास आहे रे. स्पर्धेला असता तर विचारायलाच नको. पण हे मी रोज कमरेला लावतो. रोजच्या पिस्तुलाला हे बरं का? तूच तर सगळ्या जगाला नको म्हणतोस."

जुने भाग खणात होते. दहा मिनिटांत परत घालता आले असते. पण डेलमर म्हणाला, "जगाचं जगापाशी. तुझा हात तयार आहे. तू काय गिऱ्हाईक आहेस?"

क्लेटननं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला तिथे काय दिसलं देव जाणे. तो हसला, पिस्तूल कमरेला लावलं आणि बापाच्या पाठीवर थाप मारली. नुसत्या टी-शर्टवर होता तो. कोटाची कवायत करून घ्यायचं डेलमरच्या मनातही आलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, तसं झालं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी क्लेटन सरपण तोडायला डोंगरात गेला. अंगात नवं जाकीट होतं, कमरेशी आवळायची दोरी आणि दोरीच्या टोकाला प्लॅस्टिकची गोळी असलेलं. लाकडं ट्रकमध्ये चढवताना टोचतं म्हणून त्यानं पिस्तूल काढून ठेवलं असावं आणि काम संपल्यावर परत लावलं असावं. लावताना ती प्लॅस्टिकची गोळी चापापुढे अडकली. पिस्तूल खाली दाबलं, दोरी ताणली गेली, आणि चाप ओढला जाऊन बार मांडीत शिरला. तो ट्रकमध्ये चढला, ट्रक चालूही केला. तीन मैल आला. टपाल वाटणाऱ्या बाईला दुपारी रस्त्याच्या कडेला ट्रक दिसला, इंजिन चालू होतं.

शेरिफ स्वतः पिस्तूल घेऊन डेलमरच्या स्वयंपाकघरात आला. भला माणूस होता, टोपी छातीशी धरून उभा राहिला.

"डेलमर, तुला हे विचारायला जीभ रेटत नाही. नियमानं हे राजधानीच्या प्रयोगशाळेत पाठवायला हवं. पण दोरी अजून आत अडकलेली होती, मी डोळ्यांनी पाहिली. तिथे काय नवीन शोधणार ते? तू एवढंच सांग, काही बिघाड होता का?"

डेलमरनं पिस्तूल हातातही घेतलं नाही. "बिघाड नाही. उत्तम चालतंय."

हे खरंच होतं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. शेरिफनं कागदावर लिहिलं, स्वतःच्या गाफीलपणामुळे अपघाती मृत्यू, आणि तो गेला.

त्या एका शब्दानं पुढे काय काय केलं! गाव दुष्ट नव्हतं, पण गाव ते गावच. मुलगा बंदुकीशी वेडंवाकडं वागला की आई म्हणायची, "क्लेटनसारखं करू नकोस हं." स्पर्धेतला एवढा मोठा नेमबाज आणि स्वतःच्या कोटाकडे बघायची अक्कल नाही, असं लोक हळहळून म्हणायचे, आणि हळहळीतही शहाणपणा मिरवून घ्यायचे. आमच्याकडे पोरांना शिकारीचा परवाना मिळण्याआधी एक वर्ग करावा लागतो. अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये बर्ल टॅकेट तो वर्ग घ्यायचा. तो दर वर्षी दोरीची गोष्ट सांगायचा, नाव न घेता. नाव घ्यायची गरजच नव्हती. हाच बर्ल रोज दुपारी डेलमरकडे कॉफी प्यायचा.

डेलमर ऐकून घ्यायचा. पहिल्या वर्षी त्याला वाटलं, सांगावं. मग वाटलं, सांगून क्लेटन परत येणार आहे का? पण खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यालाही ठाऊक होतं. सून कॉरिन आणि नात टेसी दर रविवारी चर्च सुटलं की त्याच्याकडे जेवायला यायच्या. तो शनिवारीच घेवडा भिजत घालायचा, रविवारी मक्याचा पाव भाजायचा. टेसी टेबलाखाली पाय हलवत शाळेतल्या गमती सांगायची. आठवड्यातले बाकीचे सहा दिवस तो या दोन तासांवर काढायचा. चाप मी हलका केला, हे तोंडातून निघालं की ते दोन तास संपले. म्हणून पोराच्या कपाळी गाफीलपणाचा शिक्का बसू दिला आणि म्हातारा गप्प राहिला. पाच वर्षं.

ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी दुपारी कॉरिन दुकानात आली. ती घरोघर जाऊन म्हाताऱ्या-आजाऱ्यांचं बघणारी नर्स. एकटीनं डोंगरातल्या वाटांनी गाडी हाकायची, म्हणून तिच्याकडेही पिस्तूल होतं. तिनं ते काउंटरवर ठेवलं. योगायोगानं किटलीभोवती कुणी नव्हतं.

"पॉप, हसू नका आणि 'पुढचं कोण' म्हणू नका. माझे सांधे आता ऐकत नाहीत. हा चाप ओढताना बोट मध्येच थांबतं. थोडा हलका करून द्या."

"कॉरिन, बाई, तुला माहीत आहे मी..."

"मला सगळं माहीत आहे. पंचवीस वेळा कवायत केली आहे मी तुमच्यापुढे."

"हात दुखतात तर दुसरं पिस्तूल बघू. बोटांना झेपेल असं असतं. मी हौसेनं शोधून देईन. पण याला हात लावणार नाही."

ती हट्टाला पेटली. "क्लेटचा चाप कसला मऊ होता! मी एकदा ओढून पाहिला होता, लोण्यात बोट घातल्यासारखा. कुणी केला ते त्यानं कधी सांगितलं नाही, पण त्या स्प्रिंगफिल्डवाल्यानंच केला असणार ना? त्याचं नाव द्या मला. मी त्याच्याकडे जाते."

डेलमर फडक्यानं हात पुसत राहिला. हात स्वच्छच होते.

"मी काही क्लेटसारखी गाफील नाही, पॉप," ती म्हणाली आणि लगेच तिचा आवाज उतरला. "देवा, बघा कशी बोलते मी. माझा नवरा तो. येत्या शनिवारी टेसी बर्लच्या वर्गाला बसणार आहे. मी बर्लला म्हटलं, या वर्षी ती गोष्ट सोड. तर म्हणतो, त्या गोष्टीनं पोरांचे जीव वाचतात. खरंही असेल. पण शाळेत एक कार्टा तिला आत्ताच विचारतो, तुझ्या बापाला कोट घालता येत नव्हता का? ती रडली नाही. मला म्हणाली, मॉम, बाबा खरंच इतका बावळट होता का? काय सांगू मी तिला?"

डेलमरनं फडकं खाली ठेवलं. तो स्टुलावर बसला. "स्प्रिंगफिल्डवाल्यानं नाही केला तो चाप," तो म्हणाला. "मी केला."

कॉरिननं काउंटरवरचं पिस्तूल बाजूला सारलं.

"साडेपाचाचा अडीच केला. मी. आणि शेरिफला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही."

बाहेरून एक ट्रक गेला. मग तिनं विचारलं, "त्यानं मागितला होता?"

'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? पण तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की हो म्हटलं तर आपण यातून निभावून जाऊ, असं त्याला वाटलं. बुडत्याला काडीचा आधार. तो म्हणाला, "हो."

कॉरिननं डोळे मिटले. "पाठ सोडली नसणार त्यानं. एखादी गोष्ट डोक्यात घेतली की तो असाच करायचा." मग ती काउंटरला वळसा घालून आली आणि तिनं म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पाच वर्षं एकट्यानं हे वागवलंत? मला सांगायचंत." ती रडत होती. तोही रडला. तिच्या हाताची ऊब त्याला हवी होती आणि ती आपली नाही, हे त्याला कळत होतं. चोरलेली भाकरी खावी तशी त्यानं ती घेतली.

जाताना ती म्हणाली, "शनिवारी तुम्ही या. ती गोष्ट बर्लऐवजी तुम्ही सांगा. टेसीला कळू दे, की दोष सगळा तिच्या बाबाचा नव्हता."

शुक्रवार त्यानं कसा काढला हे सांगण्यात अर्थ नाही. दुकान उघडलंच नाही.

शनिवारी सकाळी हॉलमध्ये वीसेक मुलं होती आणि मागे आईबाप. टेबलावर डोनटचं खोकं, शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्यांचा ढीग. टेसी दुसऱ्या रांगेत, दोन वेण्या, वही उघडून तयार. बर्ल म्हणाला, "आज दोरीची गोष्ट डेलमर सांगणार आहे," आणि बाजूला झाला. सोनारानंच कान टोचावेत, असा त्याचा चेहरा होता. खरी गोष्ट त्यालाही माहीत नव्हती.

डेलमर उभा राहिला. "गोष्टीतला माणूस माझा मुलगा होता, हे तुम्हाला माहीत आहे. एक गोष्ट माहीत नाही. त्याच्या पिस्तुलाचा चाप मी हलका केला होता. जगाला नको म्हणणाऱ्या मी. चाप साडेपाच पौंडांचाच असता तर त्या दोरीनं कदाचित ओढला गेला नसता. कदाचित गेलाही असता. ते मला मरेपर्यंत कळणार नाही. आणि कोट घालून कवायत मी तुमच्या सगळ्यांच्या आईबापांकडून करून घेतली, त्याच्याकडून नाही घेतली."

खाली बसावं, झालं, असं त्याला वाटलं. तेवढ्यात टेसीनं शाळेतल्यासारखा हात वर केला.

"पापॉ," तिनं आजोबाला विचारलं, "पण बाबानं तुझ्याकडे मागितला का? तू तर सगळ्यांना नको म्हणतोस. बाबाला एवढंही माहीत नव्हतं?"

डेलमरनं मागच्या आईबापांच्या रांगेकडे पाहिलं. कॉरिननं त्याला धीर द्यायला मान हलवली. सांगा, असं. ते तिचं मान हलवणं त्याला सोसवेना. आता 'हो' म्हटलं तर रविवार वाचत होता, आणि पोरगी जन्मभर बापाला बावळट समजणार होती.

"त्यानं मागितला नव्हता, बाळ," तो म्हणाला. "माशी सरळ करायला दिलं होतं त्यानं. चाप मी आपणहून केला, माझी कारागिरी दाखवायला. त्यानं ओढून पाहिला आणि मला विचारलं, रोजच्या पिस्तुलाला हे बरं का? त्यानं विचारलं होतं. मी म्हटलं, तू काय गिऱ्हाईक आहेस? आणि माझं मन राखायला त्यानं ते कमरेला लावलं."

टेसीनं वही मिटली. "म्हणजे बाबा बरोबर होता."

"हो. बाबा बरोबर होता."

ती झटकन मागे वळली, तिसऱ्या रांगेतल्या एका लालसर केसांच्या मुलाकडे. "ऐकलंस? माझा बाबा बरोबर होता!" तिचा चेहरा असा उजळला होता, की दोन-तीन बायांनी तोंडं फिरवली. आजोबाचं काय झालं, हे तिच्या अजून लक्षातच आलं नव्हतं. मुलांना एका वेळी एकच गोष्ट दिसते.

कॉरिनला सगळं दिसलं होतं. वर्ग सुटेपर्यंत ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग टेसीचा कोट घेऊन पुढे आली, मुलीला तो घातला, बटणं लावली आणि म्हणाली, "गाडीत जाऊन बस."

"पापॉला बाय म्हणू दे ना."

"गाडीत बस, टेसी."

मुलगी गेल्यावर ती डेलमरसमोर उभी राहिली. आवाज चढलेला नव्हता. "गुरुवारी मी तुमच्या खांद्यावर हात ठेवला होता."

"हो."

"माझ्या मेलेल्या नवऱ्याला मी हट्टी म्हटलं. तुमच्यासमोर. आणि तुम्ही म्हणू दिलंत."

ती उत्तरासाठी थांबली नाही. दार लागलं, बाहेर गाडी सुरू झाली, आणि उद्याच्या रविवारी ती गाडी आपल्या अंगणात वळणार नाही, हे त्याला तेव्हाच कळलं.

लोक एकेक करून गेले. कुणी त्याला बोललं नाही, कुणी टाळलंही नाही. सगळे नुसते घरी गेले. डेलमर खुर्च्या मिटून भिंतीशी लावू लागला. बर्ल दुसऱ्या टोकानं खुर्च्या मिटत आला आणि मधोमध दोघे एकमेकांपुढे आले.

"पाच वर्षं मी त्याला या पोरांसमोर गाफील म्हणत आलो, डेलमर," बर्ल म्हणाला. "आणि त्याच दुपारी तुझ्या दुकानात येऊन, आज वर्ग चांगला झाला, म्हणून सांगत होतो. तू माझ्या कपात कॉफी ओतत होतास."

"हो," डेलमर म्हणाला. "साखरही घालत होतो."